बकरीच्या चित्रावरचा हात

आमच्या शाळेच्या भिंतीवर एक तक्ता होता. अक्षर, शब्द, वाक्य आणि गोष्ट असे चार रकाने. मूल ज्या पायरीला पोचलं, तिथं त्याच्या नावापुढे तारा चिकटवायचा, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं. तारे काही आले नाहीत. मग मी पारोळ्याच्या बाजारातून लाल टिकल्यांची पाकिटं आणली. दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता. दिवाळीपर्यंत गोष्टीचा रकाना इतका लाल झाला की मलाच संशय यायला लागला. मुलं इतक्या झटपट वाचायला शिकत नाहीत. झटपट शिकतात ते मास्तरला काय ऐकायचंय ते.

संशय बसला एका मुलीवर. गोष्टीची पुस्तिका उघडली की ती धडाधड सुरू व्हायची, श्वासही न घेता. तिची टिकली मीच लावली होती. त्यामुळे, मधल्या सुट्टीनंतर कच्च्या मुलांचा छोटा गट मी घेत असे, त्यातून ती सुटली होती. माझा संशय खरा असेल, तर त्या टिकलीनं तिचं शिकणंच थांबवलं होतं.

एका दुपारी तिला जवळ बसवलं. ती सुरू झाली. दोन पानं झाल्यावर तिनं पुढचं उलटलं, तसा मी सहज केल्यासारखं चित्रावर हात ठेवला. गाडी थांबली.

"वाच ना."

"गुरुजी, हात काढा ना. बकरी दिखत नही."

हात काढला. बकरी दिसली आणि गोष्ट पुन्हा सुरळीत चालू झाली. वर्ग रोज एका सुरात म्हणायचा, ते तिनं कानानं उचललं होतं. चित्रावरून पान ओळखायची. हुशारी भरपूर होती, फक्त ते वाचन नव्हतं.

मी उठून तिच्या नावापुढची टिकली नखानं खरवडायला लागलो. मुख्याध्यापक दारातच होते.

"अहो भाऊ, पोरीच्या नावाची टिकली काढता?"

"तिला वाचता येत नाही, नाना."

"परवा तपासणीला साहेब येताहेत. बठ्ठा वर्ग वाचतो, एकही मूल कच्चं नाही, असं कळवून बसलोय मी."

"मग साहेबांना बकरी दाखवू."

ते हसले नाहीत. "साहेब गेल्यावर काढा. टिकली काय पळून चालली?"

टिकली पळणार नव्हती, अडचण तीच होती. मी काढली.

साहेब आले, तक्त्याचा फोटो काढला, चहा घेतला, गेले. मोकळी जागा त्यांच्या लक्षात आली नाही. आली असती, तर मला त्यांच्याविषयी थोडा आदर वाटला असता.

मुलगी गटात परतली, रुसूनच. संक्रांतीनंतर एक दिवस गोष्टीची नवीकोरी पुस्तिका घेऊन समोर उभी राहिली. "माले येस." मला येतं, हे मी आधीही ऐकलं होतं. मी हात पुढे करणार, तोच तिनं स्वतःचा तळवा चित्रावर दाबला आणि दुसऱ्या हाताचं बोट अक्षरांखालून सरकवायला लागली. अडखळत, मागं येत, एकेका शब्दाशी झटत. कानाला अगदी वाईट. तरीही माझी खात्री पटेना. पाठ असेल तर ती नव्या पानाचं म्हणायला लागेल, म्हणून तिसऱ्या ओळीत ती असताना मी पान उलटलं.

तिनं माझा हात बाजूला सारला, पान परत मागं घेतलं आणि अर्धी राहिलेली ओळ बोटानं शोधली.

"थांबा ना गुरुजी. आजून बाकी शे."