चपलेतला खडा

आनंदीबाईंनी सकाळी नवऱ्याला एक शब्द सुचवला, आणि दुपारी तोच शब्द त्यांच्या अंगाशी आला.

आबाजी महाडच्या कोर्टात भाषांतरकार होते. अपिलात जाणाऱ्या खटल्यांतल्या मराठी जबान्या ते इंग्रजीत करून देत. अठ्ठावन्न सालच्या त्या थंडीत चांगूचा खटला अलिबागला निघाला होता. चांगू वरंधच्या वरच्या वाडीतला. शेजाऱ्याची गवताची गंजी पेटवल्याबद्दल त्याला सहा महिन्यांची सजा झाली होती. गंजी पेटली तेव्हा तो लांब पाणवठ्यावर होता, असं सांगणारी एकच साक्षीदार होती, त्याच वाडीतली प्रयागबाई. पण शपथेच्या वेळी ती अडली. मग घेतली कशीबशी. जबानीवर शेरा होता, ‘शपथ घेताना साक्षीदाराचे मन कचरले.’ बाईला स्वतःचीच खात्री नाही, असं धरून मॅजिस्ट्रेटनी तिचं सांगणं बाजूला सारलं होतं.

त्या ‘कचरले’पाशी आबाजींची लेखणी थांबली. असं काही अडलं की ते बायकोला विचारत. आनंदीबाई पुण्याला नन्सच्या शाळेत शिकल्या होत्या, आणि तिथल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने कचरण्याचे वेगवेगळे इंग्रजी शब्द मुलींच्या अंगात मुरवले होते. पोटात एकदम ढवळतं, तो क्वाम. आपलं कुठेतरी चुकतंय अशी पाल चुकचुकते, ते मिसगिव्हिंग. करून बसल्यावर टोचत राहतं, ते कम्पंक्शन. आणि चपलेत खडा गेल्यासारखं जे पुढचं पाऊलच टाकू देत नाही, तो स्क्रुपल.

“ती कशामुळे कचरली?” आनंदीबाईंनी विचारलं होतं.

“ते कुणी विचारलं नाही. त्यामुळे कागदावर नाही.”

“मग मिसगिव्हिंग लिहा,” तव्यावरची भाकरी उलटत त्या म्हणाल्या. आबाजी मान डोलावून कोर्टात गेले.

दुपारी मागच्या दारी प्रयागबाई उभी. वर्षानुवर्षं तूप घालायची ती. पण खटला संपेपर्यंत तिच्याकडून काही घ्यायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, असं आबाजींनी बजावलं होतं. आनंदीबाईंनी तूप नको म्हणून सांगितलं. प्रयागबाईने पदराखालून फडकं बांधलेला तांब्या काढला.

“तूप नाय गो वैनी. म्हस याली. चीक हाय.”

आनंदीबाईंचा हात आपोआप पुढे झाला. दारी आलेला चीक परत धाडला तर जनावर आटतं, असं वाडीवरची माणसं मानत. तेवढं त्यांनाही ठाऊक होतं. तांब्या हातात आला, आणि मग आठवलं की हा साक्षीदाराच्या घरचा आहे.

प्रयागबाई उंबऱ्यावर टेकली आणि आपणहून बोलू लागली. जीव टांगणीला लागला होता, म्हणाली. कोर्टात उभी केली तेव्हा म्हैस भरली होती.

“दारात गाभण जनावर असलं का आमच्यात शपथ घेत नाय. खरी बी नाय. साहेब डोळं वटारून बघाय लागला, म्हणून घेतली. मंग रोज तिच्या पोटाव हात ठेवून बघायची, पारडू हलतंय का.”

“हे कोर्टात का नाही सांगितलंस?”

“मला कोन इचारतंय? आन् ज्याच्या दारात जनावर हाय त्याला ठावं असतंय.”

ती गेली. आनंदीबाई तांब्यासमोर बसून राहिल्या. प्रयागबाईच्या मनात शंका नव्हतीच. खडा होता, आणि त्यांनी स्वयंपाकघरात बसून त्याला दुसरंच नाव दिलं होतं. कागद उद्या सकाळच्या एस.टी.ने जायचे होते. गप्प राहावं, तर अलिबागलाही तिची साक्ष शंकेचीच धरली जाऊन चांगू आत राहणार. बोलावं, तर बजावलेलं मोडल्याचं कबूल करायचं. आणि साक्षीदाराकडून चीक घेऊन शब्द बदलला, असं कुणी म्हटलं तर आबाजींची नोकरी राहील का? मागच्या दारी कुणीच पाहिलं नव्हतं. चीक नाल्यात ओतता आला असता. त्या दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. आबाजींच्या चपला वाजल्या, तेव्हा त्या तिसऱ्यांदा उठल्या.

आबाजींनी कोट काढण्याआधीच त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी तांब्यावरचं फडकं उचलून आत पाहिलं.

“तू सांगितलं नसतंस तर मी सुखाने चुकलो असतो,” ते म्हणाले. “आता मी दुसरा शब्द लिहिला तरी तो कागदातून आलेला नसेल.”

“मग?”

“मग हे भाषांतरच मी करायचं नाही.”

तसेच ते पुन्हा बाहेर पडले, मॅजिस्ट्रेटांच्या बंगल्यावर. तिथे त्यांनी चिकासकट सारं सांगितलं. भाषांतर दुसऱ्याकडे गेलं, चांगूच्या वकिलाला कळवलं गेलं, आणि आबाजींना चौकशी होईपर्यंत जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवलं.

तीन-चार बाजार उलटल्यावर प्रयागबाई तांब्या न्यायला आली. वकिलाच्या अर्जावरून अलिबागच्या कोर्टाने तिला पुन्हा बोलावलं होतं. रिकामं भांडं परत देऊ नये, म्हणून आनंदीबाईंनी त्यात गुळाचा खडा टाकला.

“आता घेशील ना शपथ?”

“घेईन की. आता म्हस मोकली झाली.”

ती हसत पायवाटेने गेली. आनंदीबाई दार लावून घेताना थबकल्या. साक्षीदाराशी त्या आज पुन्हा बोलल्या होत्या, आणि संध्याकाळी आबाजींना हेही सांगावं लागणार होतं.