अराबा मावशीची विलायती शिकवणी

आमच्या एल्मिना गावच्या कोळीवाड्यात अराबा मावशीची केंकी खाल्ली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मक्याचं आंबवलेलं पीठ पानात गुंडाळून ती पहाटेच शिजायला ठेवते, आणि केंकीच्या आधी तिचा आवाज गिऱ्हाइकापर्यंत पोचतो. मी शेजारीच शिलाई मशीन घेऊन बसते, त्यामुळे माझे कान कायमचे किटलेत. इंग्रजीही ती त्याच आवाजात, आमच्या फांटी भाषेच्या हेलात बोलायची. मोडकंतोडकं नव्हे हं, मिशनच्या शाळेत शिकलेली बाई आहे ती.

तिचा मुलगा कोबिना लंडनला. त्याची लेक एकुआ तिथंच जन्मली, सात वर्षांची झाली, तरी आजी-नातीची भेट फक्त फोनवर. एक दिवस मावशी बोलत असताना पोर पलीकडे बापाला म्हणाली, आजी काय बोलते ते मला कळतच नाही. तेव्हापासून पोर फोन घ्यायची, पण गप्प. मावशी लाडानं बोलायची, हसायची, पलीकडून चकार शब्द नाही. फोन ठेवला की मावशीचं तोंड एवढंसं व्हायचं.

"एफुआ, माझीच नात गं," एकदा मला म्हणाली, "आणि मी तिला परकी."

नाताळात ते येणार असं ठरलं आणि बाईनं डोक्यात घेतलं, इंग्रजांसारखं इंग्रजी शिकायचं. आमच्याकडे क्वान्साह मास्तर आहेत. पूर्वी रेडिओवर बातम्या द्यायचे, आता निवेदक व्हायला निघालेल्या पोरांना विलायती उच्चार शिकवतात. मंगळवारी आमच्या रिवाजानं कुणी होडी समुद्रात घालत नाही, गिऱ्हाईक कमी, म्हणून मंगळवारी मावशीची शिकवणी. मास्तरांनी बजावलं, ओठ कमी हलवा, हातवारे नकोत, बोलताना मधेच हसू नका. या वयात हे काय खूळ, असं मी म्हटलं, तर माझ्यावरच उखडली.

सराव बिचाऱ्या गिऱ्हाइकांवर. ती सरळ तोंडानं साहेबी थाटात केंकीबरोबर तळलेली मासळी किती हवी ते विचारायची आणि कोळी पोटं धरून हसायचे. "मावशी, बोल हवं तसं," एकजण म्हणाला, "भाव तेवढा इथलाच ठेव." त्याच्या पानात त्या दिवशी मिरचीची चटणी जरा जास्तच पडली. पण सोडलं नाही हो तिनं. मेहनत केली, आणि खरंच जमवलं.

मंडळी आली. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं आणि तो प्यायला की रीतसर विचारायचं, काय कारणानं येणं केलंत? पोटचा पोरगा असला तरी विचारायचं, आणि त्यानं उत्तर द्यायचं, ही आमची रीत. उत्तर खरं तर कोबिनानं द्यायचं. पण मावशी सगळ्यांना सोडून नातीपुढे उभी राहिली, हात बाजूला ताठ ठेवले आणि साहेबी इंग्रजीत तेच विचारलं. मास्तरांनी ऐकलं असतं तर छाती फुगली असती त्यांची.

पोरीला सगळं कळलं. तिनं पेला खाली ठेवला आणि शाळेत उभं राहून द्यावं तसं उत्तर दिलं, "आजीला भेटायला आले." मग मावशीकडे बघून हळूच म्हणाली, "फोनवरच्या आजीला. तिचं मला कळत नाही, पण ती बोलता बोलता हसते. मी गप्प बसून ऐकते. ती घरात आहे का?"

मावशीनं पोरीला ओढून पोटाशी घेतलं आणि फांटीत सुरू झाली, माझी बाय ती, माझी सोनी, इथंच आहे गं मी मेली. रडत होती, मधेच हसत होती, आवाज पार किनाऱ्यापर्यंत गेला असेल.

कोबिना वाकून लेकीला इंग्रजीत अर्थ सांगायला लागला. एकुआनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब ना बाबा," ती म्हणाली, "मला ऐकायचंय."