काडीचं वजन

माझ्या भाचीला सगळे काडी म्हणतात. नाव मीच ठेवलं. तेव्हा ती सात वर्षांची होती आणि वारा सुटला की हिला एकटीला बाहेर सोडावं की नाही, असा प्रश्न मला खरोखर पडायचा. पंधराव्या वर्षापर्यंत उंची वाढली, केस वाढले, जीभ तर फारच वाढली. वजन तेवढं जागचं हललं नाही. पण काडी आहे म्हणून तिच्या वाटेला जायचं काम नाही. शाळेच्या तळघरात ज्युदोचा वर्ग चालतो. तिथे साठ किलोचा एक दांडगोबा तिला म्हणाला, "आधी वजन घेऊन ये, मग खेळू." दुसऱ्या क्षणी तो गादीवर उताणा पडून छत बघत होता आणि ही वाकून त्याला विचारत होती, "छताला रंग द्यायला हवा, नाही का रे?"

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, वजनकाटे दुरुस्त करतो. दुकान एवढंसं. भिंतीवर पारडी टांगलेली, खालच्या फळीवर लोखंडी वजनं ओळीत, आणि काचेच्या कपाटात पितळी वजनं. त्यांना हात लावायचा तर आधी हात धुवून, पुसून यायचं. बाकीची मुलं ठोकळे रचतात, काडीने वजनं रचली. आता ती वीस वीस किलोची दोन वजनं दोन हातांत घेऊन फळीखालचा केर काढायला जागा करते आणि वर गाणंही म्हणते.

भाऊ सरळ माणूस आहे. इतका सरळ, की कधी कधी डोक्यात जातो. आता हेच बघा. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला ज्युदोचं उन्हाळी शिबिर भरतं, चार आठवड्यांचं. तिथे घेतलं की पुढचे दरवाजे आपोआप उघडतात. सगळ्यात हलका गट चाळीस किलोपासून सुरू होतो, हे माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेलं होतं. फॉर्मवर वजनासाठी एक चौकट होती. मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात फॉर्म भरून घेतले आहेत. त्या चौकटीत एक्केचाळीस लिहायचं आणि पोरीला खाऊ घालायचं, इतकी साधी गोष्ट. भावाने काय केलं? पोरीला तपासणीच्या काट्यावर उभं केलं आणि लिहिलं, एकोणचाळीस किलो शंभर ग्रॅम. ग्रॅम चौकटीत मावेनात, म्हणून समासात लिहिले!

शिबिराकडून उत्तर आलं. खेळ पाहून निवड केली आहे, पण हजर होताना चाळीस भरलं पाहिजे. कमी वजनाच्या मुलीला सरावाला जोडीदार मिळत नाही, मागे एकीचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. भरलं नाही तर त्याच दिवशी परत.

"आता?" मी भावाला विचारलं.

"आता खाईल," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी सकाळी काट्याने एकोणचाळीस चारशे दाखवले. सहाशे ग्रॅम कमी. हातात सत्तावीस तासांचा प्रवास. मी म्हटलं, काट्यावर चढायच्या आधी लिटरभर पाणी पिऊ दे, काम झालं. भावाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कपाटातली वजनं चोरायला आले होते.

"ताई, तो ओला माल विकण्यासारखा प्रकार झाला. वजनाआधी तासभर पाणी नाही."

"नाही पिणार, बाबा," काडी म्हणाली. दोघं एकाच साच्यातले, मी मध्ये बोलून काय उपयोग? निघताना त्याने कपाटातून अर्ध्या किलोचं पितळी वजन काढलं, फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. लोक मुलांना देवाचा अंगारा देतात, हा वजन देतो!

गाडीत बसल्या बसल्या मी डबा उघडला. उकडलेली अंडी, केळी, खजूर, ब्रेड, लोणी, दुधाची बाटली. समोरच्या बाकावर एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांच्या बाई होत्या, खिडकीशी एक चपलांचा विक्रेता. तासाभरात सगळ्यांना सगळं कळलं, कारण मी सांगितलं. मग काय, पोस्टमास्तरीणबाईंनी पदर खोचला. "एवढीशी भूक? अगं, आमची मांजर खाते याहून जास्त!" त्यांचेही बटाटे आले, चिक्की आली, भाजलेले शेंगदाणे आले. विक्रेत्याने खजुराचा अख्खा पुडा दिला आणि वर सल्लाही दिला, "ताई, कशाला त्रास? खिशात चार बोल्ट टाका."

"शोभतं का असं बोलणं?" मी त्याला झापलं. पण बोल्ट माझ्या डोक्यात राहिला, हे इथे कबूल करते.

दुपारी एका मोठ्या स्टेशनवर गाडी वीस मिनिटं थांबणार होती. काडी ताडकन उठली. "आत्या, पार्सल ऑफिसात काटा असणार." मी नको नको म्हणते तोवर ती खाली उतरलीसुद्धा. मला मागे धावावंच लागलं. पार्सलवाला कारकून खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

"काका, काट्यावर उभी राहू का?"

"तू पार्सल आहेस का?"

"नाही, पण वजन कमी भरलं तर मीही परत पाठवली जाणार."

तो हसला आणि बाजूला झाला. काडीने आधी रिकाम्या काट्याचा आकडा पाहिला, मग बापाचं अर्धा किलो त्यावर ठेवलं. काट्याने सातशे दाखवले. मग स्वतः चढली. एकोणचाळीस नऊशे. "म्हणजे एकोणचाळीस सातशे," तिने दोनशे वजा करून सांगितलं, आणि कारकुनाला म्हणाली, "काका, तुमचा काटा प्रत्येक खोक्यामागे दोनशे ग्रॅम जास्त घेतोय. बटण दाबून शून्यावर आणा." शिट्टी झाली तेव्हा तो बटण शोधत होता आणि मी जिवाच्या आकांताने डब्याकडे पळत होते.

आता फक्त तीनशे! डब्यात आनंदीआनंद. मी म्हटलं, आज रात्रीच चाळीस पुरे करू, आणि तिला आणखी दोन अंडी, ब्रेडचे चार तुकडे आणि लोणी भरवलं. ती "पुरे" म्हणत होती, मी "हा एकच" म्हणत होते. दिवे लागायच्या सुमाराला ती उठली आणि तोंडावर हात धरून बेसिनकडे धावली. दिवसभराचं सगळं गेलं. परत आली तेव्हा चेहरा फडक्यासारखा पांढरा. चूक माझी होती आणि मला इतकं रडू आलं की पोस्टमास्तरीणबाईंना तिच्याऐवजी माझीच पाठ थोपटावी लागली.

काडी मात्र रडली नाही. "आत्या, आता डबा माझ्याकडे दे," ती म्हणाली. थोडं झोपून उठली, दोन घोट दूध घेतलं. मग अर्ध्या अर्ध्या तासाने अर्धं केळं, चार शेंगदाणे, एक खजूर. पोस्टमास्तर मनगटावरच्या घड्याळात बघून वेळ सांगत होते आणि ती निमूट चावत होती. मी तिला पहिल्यांदाच असं पाहत होते. घरी ही दोनदा हाक मारल्याशिवाय जेवायला येत नाही, आणि इथे कुणी न सांगता स्वतःला घासाघासाने वाढवत होती.

सकाळी ती तोंड धुवायला गेली आणि माझी मती फिरली. फडक्यातलं वजन काढलं, तिच्या खेळाच्या पँटच्या आतल्या खिशात सरकवलं आणि वर पिन लावली. भावाच्या दुकानातली सगळ्यात खरी वस्तू खोटं बोलायला लावत होते मी. लाज वाटली, पण हात थांबला नाही.

शिबिराच्या हॉलमध्ये मुलींची रांग होती. भिंतीशी दांडीचा काटा, त्यावर सरकती वजनं. शेजारी गळ्यात शिट्टी अडकवलेल्या प्रशिक्षक बाई, हातात यादी. काडीच्या पुढच्या गुबगुबीत मुलीला त्यांनी सांगितलं, "दोनशे ग्रॅम जास्त. वरच्या गटात." ती मुलगी हुंदका गिळत बाजूला झाली.

काडीची पाळी आली. तिने कपडे बदलतानाच खिसा चाचपला असणार, कारण ती सरळ माझ्याकडे आली आणि वजन माझ्यासमोर धरलं. माझी मान वर होईना. मग ती वळली, पण काट्यावर चढली नाही. तशीच दांडीकडे बघत राहिली.

"चढ ना," बाई म्हणाल्या.

"बाई, काट्यावर कुणी नाही, तरी दांडी वर टेकलीये."

"मग?"

"काटा जास्त दाखवतोय. हे अर्धा किलो आहे, शिक्का बघा. ठेवून बघू?"

गप्प बस गं बाई, मी मनात ओरडत होते, जास्त दाखवतोय तर दाखवू दे! बाईंनी वजन ठेवलं, सरकतं वजन हलवलं. आठशे. हॉलमध्ये कुजबूज झाली. बाईंनी काडीकडे नीट पाहिलं, मग यादीकडे.

"तू ती समासात ग्रॅम लिहिणारी ना? हा काटा तुझ्या फायद्याचा होता."

"हो. पण मग मी चाळीसची झाले की नाही, ते मला कधी कळलंच नसतं."

दांडीच्या मागच्या टोकाला एक स्क्रू होता. बाईंनी नाणं पुढे केलं. काडीने एक आटा फिरवला, थांबली, आणखी थोडा फिरवला. दांडी तरंगत मधोमध आली. मग बाईंनी सरकतं वजन बरोबर चाळीसवर ठेवलं. दांडी धपकन खाली बसली. आता ही वर उठली तर पोरगी आत, नाही तर संध्याकाळच्या गाडीने घरी.

काडीने अर्धा किलो माझ्या हातात ठेवलं आणि ती चढली. मी डोळे मिटणार होते, पण मिटले नाहीत. दांडी हलली. थरथरली. आणि हळूहळू उठत उठत वर जाऊन टेकली!

"चाळीस शंभर," वजन थोडं पुढे सरकवून बाई म्हणाल्या, आणि यादीत खूण केली. मग त्यांनी शिट्टी वाजवली. "सगळ्यांचं वजन पुन्हा होईल!" त्या गुबगुबीत मुलीने जी किंकाळी मारली ती स्टेशनपर्यंत गेली असेल. शंभर ग्रॅम राखून ती आपल्या गटात परत आली आणि तिने काडीला मिठीतच उचललं. अख्खी रांग टाळ्या वाजवत होती. मी तर उभ्या उभ्या रडत होते आणि दिसेल त्याला सांगत होते, "माझी भाची आहे. माझी भाची!"

भावाला फोन लावला. काडीने मोठ्या आवाजावर ठेवला.

"चाळीस शंभर, बाबा!"

तिकडून पहिला प्रश्न आला, "काटा आधी तपासलास?"

"तपासला. तीनशे खोटा होता."

"कुणाच्या बाजूने?"

"माझ्या. मी सांगितलं."

तिकडून एवढंच आलं, "ताईला दे."

मी फोन कानाला लावला. ते पितळी वजन अजून माझ्याच मुठीत होतं.

"ताई," तो म्हणाला, "तू सोबत होतीस म्हणून मला काळजी नव्हती."

"होते रे," मी म्हटलं, "पण सोबत तिची मला होती." आणि वजन काडीच्या हातात परत दिलं.