ऑरिन हेगनची सोमवारची यादी

दर सोमवारी सकाळी सातला ऑरिन हेगन आर्डिसच्या कॅफेत शिरायचा, कुणाकडे न बघता दाराच्या काचेवरचा मागच्या आठवड्याचा कागद काढायचा, नवा चिकटवायचा, चारी कोपरे अंगठ्यानं दाबायचा आणि मगच टोपी काढून कॉफी मागायचा. कागदावर टाइप केलेली पंचवीस नावं असत. क्ले लँडिंग हेरन्स या आमच्या बेसबॉल संघातली पंचवीस पोरं, वर जाण्याच्या लायकीप्रमाणे एकाखाली एक लावलेली. 'वर' म्हणजे कुठे हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. टीव्हीवर दिसणारे मोठे संघ शिडीच्या टोकाला, आणि आम्ही जवळजवळ पायथ्याशी. एकोणीस-वीस वर्षांची पोरं आमच्याकडे येतात. चांगली असतील ती दोन-चार महिन्यांत पुढच्या पायरीवर उचलली जातात, बाकीची सप्टेंबरात आपापल्या घरी जातात. त्यामुळे ऑरिनची यादी नेहमी वरच्या बाजूनं झिजायची. पहिला नंबर मिळाला की पोरगा गेलाच म्हणून समजा. आर्डिस म्हणायची, ऑरिन, जरा बेतानं घे, शनिवारच्या मॅचला कुणीतरी शिल्लक ठेव.

हे नंबर लावायचा अधिकार त्याला दिला कुणी, हे विचारायची सोय नव्हती. ऑरिननं एक्केचाळीस वर्षं नदीकाठच्या धान्याच्या गोदामात मक्याची प्रत ठरवली होती. ट्रक आला की त्यात लांब पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा, ओल बघायची, फुटके दाणे वेगळे करायचे, मूठभर मका नाकाशी धरायचा आणि सांगायचं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर. सांगितलं की सांगितलं. एका ओल्या ऑक्टोबरात त्यानं सख्ख्या मेव्हण्याचा, डेल्बर्टचा, ट्रक तीन नंबरात टाकला, तेव्हा डेल्बर्ट तीन वर्षं थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला आला नाही. ऑरिनला वाईट वाटलं, पण मका ओला होता. रिटायर झाल्यावर मक्याच्या जागी पोरं आली, एवढंच. मैदानात कॅचरच्या, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याच्या, मागे तिसऱ्या रांगेत त्याची खुर्ची ठरलेली, गळ्यात स्टॉपवॉच, मांडीवर वही आणि वहीवर दुसऱ्या कुणाची नजर पडू नये म्हणून आडवा धरलेला डावा हात.

चूक त्याच्याही हातून झाली होती, आणि ती विसरू देईल असं गाव आमचं नाही. मार्कस टॉलिव्हर नावाचा एक काटकुळा पोरगा त्यानं एका वर्षी एप्रिल ते सप्टेंबर पंचविसाव्या नंबरावर ठेवला होता, पुढे शेरा, 'वळणारा चेंडू दिसत नाही'. तो टॉलिव्हर आज टीव्हीवर दाढीच्या साबणाची जाहिरात करतो. आर्डिसनं ती यादी फ्रेम करून गल्ल्याच्या वर टांगली आहे. विषय निघाला की ऑरिन म्हणे, तेव्हा दिसत नव्हता, नंतर चष्मा लागला. आणि खरोखरच नंतर चष्मा लागला होता, पण ते कुणाला ऐकायचं नसे.

आमच्या गावात खेळाडूंना घरात ठेवून घ्यायची रीत आहे. एकेका घरी एकेक पोरगा, मोसम संपेपर्यंत. ऑरिननं बावीस वर्षं दाद दिली नव्हती. नमुन्याला कुणी घरी जेवायला बोलवत नाही, असं त्याचं म्हणणं. पण त्या वर्षी एप्रिलमध्ये एका घराचं तळघर पाण्यानं भरलं, एक पोरगा उघड्यावर पडला, आणि चर्चमधल्या कॉफीच्या वेळी ऑरिनच्या बायकोनं, लवॉननं, नवऱ्याला न विचारता हात वर केला. घरी येताना गाडीत तिनं ही बातमी दिली. ऑरिननं गाडी चालवायचं काम चालू ठेवलं.

पोरगा म्हणजे वेस्ली पॅडगेट, अलाबामातल्या एका खेड्यातला कॅचर. वय पंचवीस, म्हणजे आमच्या पायरीवर म्हातारा. तो लवॉनला 'मिस लवॉन' म्हणायचा. लग्नाला एकोणपन्नास वर्षं झालेल्या बाईला कुणी मिस म्हटलं की काय होतं ते ऑरिननं पहिल्याच आठवड्यात पाहिलं, कारण रुबार्बच्या आंबट देठांचा तिचा तो गोड, भाजलेला पाय आता रविवारऐवजी दिवसाआड होऊ लागला. वेस्ली ताटं धुवायचा, न सांगता पन्हळीतली पानं काढायचा. संघातले चेंडू टाकणारे कोवळे पिचर, घरची आठवण काढून रडवेले होणारे, संध्याकाळची मॅच नसली की पोर्चच्या पायरीवर त्याच्याशी बोलत बसायचे आणि जाताना हसत जायचे.

पहिल्या सोमवारी त्याचा नंबर लागला चोवीस. पंचविसावा होता तो हाताला प्लास्टर घातलेला पोरगा.

"आपल्या टेबलावर जेवतो तो," लवॉन म्हणाली.

"जेवणात पहिला आहे," ऑरिन म्हणाला.

वेस्लीला मात्र राग आला नाही. कॅफेत यादी वाचून तो मोठ्यांदा हसला आणि म्हणाला, प्लास्टर निघेपर्यंत तरी माझी जागा पक्की. कारण स्टॉपवॉच काय सांगतं ते त्यालाही माहीत होतं. धावणाऱ्याला बाद करायला कॅचरनं चेंडू दुसऱ्या बेसवर दोन सेकंदांत पोचवावा लागतो. वेस्लीला लागायचे दोन सेकंद आणि वर थोडं काहीतरी. ते थोडं काहीतरी पाच वर्षं कमी झालं नव्हतं.

लवॉन शांत बसणारी नव्हती. ती मॅचला यायला लागली, ऑरिनच्या शेजारी बसून वेस्लीच्या प्रत्येक फटक्याला त्याला कोपर मारायला लागली. मे गेला, जून आला, आणि वेस्लीची बॅट एकदम बोलू लागली. तीन आठवडे तो दणादण मारत होता. गाव चकित झालं. ऑरिन झाला नाही, कारण त्याला कारण ठाऊक होतं. जूनच्या मध्यावर सगळ्याच संघांचे चांगले पिचर वर उचलले जातात आणि जे उरतात ते सरळ टाकतात. ओला मकासुद्धा वरून ऊन पडलं की चकचकतो. असला मका त्यानं उभ्या आयुष्यात कधी उचलून धरला नव्हता.

पण जूनच्या तिसऱ्या रविवारी तो टाइपरायटरपुढे बसला असताना स्वयंपाकघरातून आवाज येत होते. वेस्ली लवॉनला आपल्या आईची बिस्किटं करायला शिकवत होता. पीठ जास्त मळू नका मिस लवॉन, म्हणत होता, आणि लवॉन खळखळून हसत होती. ऑरिन आणि लवॉनला मूल झालं नव्हतं. ही गोष्ट ऑरिन कधी बोलत नसे, आम्हीही बोलत नसू. बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली, आणि मग त्यानं वेस्लीच्या नावापुढे एकोणीस टाइप केलं. पुढच्या रविवारी चौदा.

सोमवारी आर्डिसनं कॉफी ओतता ओतता काचेकडे पाहिलं.

"कॅचरची ओल उतरली वाटतं," ती म्हणाली.

कॅफेत हशा पिकला. ऑरिन कपात बघत राहिला. लवॉननं मात्र त्या दिवशी आख्खा रुबार्ब पाय त्याच्यापुढे ठेवला, आणि त्यानंही, खोटं कशाला बोला, तो खाल्ला. चौदा आणखी दोन सोमवार तसाच राहिला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, नाश्त्याला वेस्लीनं सहज सांगावं तसं सांगितलं. त्याच्या गावच्या शाळेनं त्याला विचारलं होतं. जुने कोच निवृत्त होताहेत, बेसबॉलची पोरं सांभाळ आणि इतिहास शिकव. ऑगस्टच्या सुरुवातीला शाळा उघडते, शुक्रवारपर्यंत हो-नाही कळवायचं, नाहीतर ते दुसऱ्याला घेणार. एप्रिलमध्ये आला तेव्हा हो म्हणायचं त्याच्या मनात होतं.

"आता नाही कळवतो," वेस्ली टोस्टला लोणी लावत म्हणाला. "चौदा नंबरचा माणूस कधी मोसम सोडून घरी जातो का, मिस्टर ऑरिन?"

लवॉन टाळ्या वाजवायच्या बेतात होती. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतले.

मंगळवार गेला, बुधवार गेला. ऑरिन मॅचला गेला, पण वहीत एक आकडा लिहिला नाही. त्यानं आयुष्यात खूप लोकांना नाराज केलं होतं आणि रात्री गाढ झोपला होता. आता एकाच माणसाला खूश केलं होतं आणि झोप उडाली होती. पोरगा वर जाणार नाही हे त्याला तळहाताइतकं स्वच्छ दिसत होतं. वर्षभरात संघ त्याला मोकळं करील, शाळेत तोवर दुसराच कुणी बसलेला असेल. आणि हे सगळं एका खोट्या आकड्यापायी. बुधवारी लवॉननं गॅलरीतले कपडे घडी करत हळूच विचारलं, खरा किती? चोवीस, तो म्हणाला. मधे एकदा तरी? नाही, चोवीसच. लवॉन बराच वेळ एकाच टॉवेलची घडी घालत बसली.

"मग सांग त्याला," ती म्हणाली. "मी सांगितलं तर त्याला वाटेल मी जीव लावते म्हणून घरी पाठवते."

गुरुवारी सकाळी वेस्ली पोर्चच्या पायरीवर बसून आपल्या ग्लोव्हला तेल चोळत होता. ऑरिन बाहेर आला. बसला नाही, उभाच राहिला, गोदामात ट्रकवाल्यापुढे उभा राहायचा तसा.

"वेस्ली, तो चौदा खोटा आहे."

वेस्लीनं वर पाहिलं.

"तू चोवीस होतास, चोवीसच आहेस. जूनमध्ये तुला सरळ चेंडू मिळाले. तुझा थ्रो दोन सेकंदांच्या आत येणार नाही, आता कधीच येणार नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मी मुद्दाम लिहिलं."

"का?"

"तू आमच्या घरात राहतोस," ऑरिन म्हणाला.

वेस्लीनं तेलाचं फडकं नीट दुमडून बाजूला ठेवलं. तो ओरडला असता तर ऑरिनला बरं वाटलं असतं.

"मिस्टर ऑरिन, चौदा म्हणणारे मला लहानपणापासून भेटलेत. आई, मामा, शाळेतले कोच, पाच वर्षं संघातले सगळे. मेहनत कर, होईल, होईल. या गावात आलो तेव्हा लोक म्हणाले, एक म्हातारा आहे, सख्ख्या मेव्हण्यालाही सोडत नाही. तुमचं चोवीस वाचलं त्या दिवशी मी किती वर्षांनी शांत झोपलो ते तुम्हाला माहीत नाही. आणि मग तुम्हीच मला चौदा केलंत."

ऑरिन हेगनला आयुष्यात बऱ्याच शेतकऱ्यांनी शिव्या दिल्या होत्या. त्यांतली एकही त्याला इतकी लागली नव्हती. माफ कर, तो म्हणाला. हे शब्द त्याला जमत नसत आणि त्या दिवशीही नीट जमले नाहीत.

वेस्ली आत गेला. स्वयंपाकघरातल्या फोनवरून त्यानं शाळेला हो कळवलं. लवॉननं पाठ फिरवून सिंकमधली स्वच्छ भांडी पुन्हा धुतली. शुक्रवारची मॅच तो खेळला, एक धावणारा त्याच्या हातून निसटला, आणि मॅच संपल्यावर संघातले पिचर एकेक करून त्याच्या गळ्यात पडले. शनिवारी सकाळी तो निघाला. लवॉनला त्यानं उचलून गोल फिरवलं. ऑरिनशी हात मिळवला, घट्ट, आणि गाडीत बसला. गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावरही ऑरिन फाटकापाशी उभा होता. लवॉननं दोनदा हाक मारली.

सोमवारी तो सातला कॅफेत गेला. नव्या यादीत वेस्लीचं नाव नव्हतं, पण यादीखाली दोन ओळी होत्या. 'मागील चार याद्यांतील पॅडगेट, कॅचर, क्र. १९ व १४ चूक. खरा क्र. २४. चूक प्रत लावणाऱ्याची, जाणूनबुजून केलेली.' आर्डिसनं वाचलं, मोठ्यांदा सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि पुढे दोन महिने क्ले लँडिंगनं ऑरिनला सोडलं नाही. डेल्बर्ट तर मुद्दाम बारा मैल गाडी हाकत कॅफेत आला. चुकीची यादी आहे म्हणे, बघू दे, म्हणाला, तीनदा वाचली आणि अंड्याची ऑर्डर दिली. ऑरिननं सगळं ऐकून घेतलं. तो कागद मात्र, शेजारी नवे लागत गेले तरी, त्यानं काचेवरून काढू दिला नाही.

फेब्रुवारीत, रस्त्यावर अजून बर्फ साचलेला असताना, दुपारी फोन वाजला. लवॉननं उचलला, किंचाळली, दहा मिनिटं बिस्किटांबद्दल बोलली आणि मग रिसीव्हर ऑरिनच्या हातात दिला. पलीकडे वेस्ली होता. शाळेच्या पोरांचा सराव सुरू झाला होता. अठरा पोरं, तो म्हणाला, चांगली आहेत, पण एकेकाच्या घरी बाप त्याला वरचा नंबर देऊन बसलाय, आणि मीही, मिस्टर ऑरिन, रोज बघतो ना त्यांना, माझाही हात ढिला पडायला लागलाय.

"मार्चमध्ये एक आठवडा याल का? वही घेऊन?"

लवॉननं ऑरिनला कोपर मारलं.

"येईन," तो म्हणाला. "पण राहीन मोटेलात. आणि जेवायला कुणाच्याही घरी जाणार नाही."