आपलं नाव आपण घ्यायचं नाही

बेटांवरचे किस्से बुटातल्या वाळूसारखे असतात. कितीही झटका, थोडे उरतातच. सांगायचे कोणाला, हा प्रश्न! इथे परदेशात, पाया लेबारच्या माझ्या भाड्याच्या खोलीत मी आणि फ्रिज. तो मध्येच गुरगुरतो, मी दचकते. मला काही झालं तर कोणाच्या लक्षात तरी येईल का, हा विचार रोज झोपताना येतोच. म्हणून ओहोटीच्या वेळी बेटांवरची कोरल, म्हणजे पोवळी, बघायला, त्यांची नोंद ठेवायला जाणाऱ्या एका ग्रुपमध्ये शिरले. माणसं तर भेटतील!

*

पहिल्याच दिवशी पायाशी टक्कन आवाज झाला. मी किंचाळले आणि एक पाय वर घेतला. आता तो ठेवू कुठे? सगळीकडे जिवंत कोरल! बगळ्यासारखी उभी राहिले.

"स्नेहल, कोळंबी आहे ती! चिमटा वाजवते!" ग्रुपमधली माझी जोडीदार मेई पोट धरून हसत होती.

आमचे लीडर टॅन अंकल, रिटायर्ड शिक्षक, लांबून त्यांच्या इथल्या ढंगात ओरडले, "पाय वाळूवर, लाह! कोरलला घाबरवू नकोस!"

*

आईला फोनवर सांगितलं, मी पोवळी वाचवते.

"आपण बौद्ध माणसं, ग्रहबिह मानत नाही," आई ठणकावून म्हणाली. मग आवाज खाली आला. "पण शेजारच्या काकू म्हणतात, पोवळ्याच्या अंगठीने लग्न जमतं. एखादं छोटं मिळतंय का बघ ना!"

*

एकदा पुण्याचं एक जोडपं बेट बघायला आलं. काकांनी कोरलचा तुकडा हळूच खिशात टाकला.

"अहो, परत ठेवा ते! इथे कशालाही फाइन बसतो!" काकू कुजबुजल्या.

"शोकेससाठी गं. एवढ्याने काय होतंय!"

टॅन अंकल शांतपणे पुढे आले. "कॅन, कॅन. न्या की खुशाल. फक्त तुमचं एक बोट इथे ठेवून जा. आमच्या शोकेससाठी."

*

मग समुद्राचं पाणी तापलं. कोरल पांढरीफटक पडली. मी रडायच्या बेतात.

"मेली नाहीत गं," मेई म्हणाली. "त्यांच्यात राहणारं शेवाळ सोडून गेलंय. पाणी निवलं की येईल परत."

"आणि तू?" मेईला मेलबर्नला नोकरी लागली होती.

"मी व्हिडिओ कॉल करीन ना!"

केला. एकदा.

*

बोटीवरची हजेरी टॅन अंकलच्या पद्धतीची. आपलं नाव आपण घ्यायचं नाही, जोडीदाराचं ओरडायचं. "मी आहे, हे काय कोणीही सांगेल!" ते म्हणायचे. मेई गेल्यावर मी सुटी पडले. "बघू, लावतो कोणाबरोबर तरी," अंकल म्हणाले आणि विसरले.

त्या सकाळी बेटावरून परतताना हजेरी झाली, बोट सुटली. जरा पुढे गेल्यावर यादी बघता बघता अंकल ताडकन उठले. "एक नाव कमी! बोट वळवा!"

बाप रे, कोण राहिलं? भरती तर सुरू झालेली! सगळ्यांबरोबर मीही उभी राहिले, कपाळावर हात धरून किनारा धुंडाळू लागले. टोप्या, तोंडाला फडकी, एकसारखी नारिंगी जॅकेटं. बोटीवर कोण आहे आणि कोण नाही, तेही कळेना. शेजारच्या बाईने माझा हात घट्ट धरला. "घाबरू नकोस. शोधल्याशिवाय जाणार नाही आपण."

बोट पुन्हा बेटाच्या जेट्टीला लागली. अंकल उडी मारून उतरले, पुढे धावले. तोंडाशी दोन्ही हात धरून त्या रिकाम्या किनाऱ्याकडे जिवाच्या आकांताने ओरडले,

"स्नेहल! स्ने... हल!"

बोटीतून मी म्हणाले, "ओ!"