कलावंत निवडणारा मी

भीती काय असते ते मला सत्तरीत कळलं, आणि तेही सरकारी खुर्चीवर बसून. त्याआधी मी कोणाच्या बापाला भ्यालो नव्हतो.

म्हाताऱ्या कलावंतांना सरकार दर महिन्याला मानधन देतं. ते कोणाला द्यायचं हे ठरवणारी जिल्ह्याची एक समिती असते. त्या समितीत मी होतो. मी चौथी नापास. गाणं येत नाही, वाजवणं येत नाही. आमचे पुढारी, त्यांना सगळे भाऊच म्हणतात, त्यांच्या दर निवडणुकीत जीपवर भोंगा बांधून मी समुद्रपूर ते जाम फिरलो, एवढीच माझी कला. भाऊंचं सरकार आलं आणि नेमणुकीच्या पत्रात माझं नाव आलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली. पेढे वाटले. शेजारचा म्हातारा पेढा तोंडात धरूनच म्हणाला, "काबे, आता तू आमाले नाचाले शिकवशीन काय?"

"तुयासारख्याले नाई शिकवत," मी म्हणालो.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी भाऊंच्या पीएचा फोन आला. "काका, यादी पाठवली मोबाईलवर. ज्याइच्या नावापुढं खूण आहे त्याइले गुण जास्त द्याचे. बाकीच्याइले दोन-तीन. समजलं न?" मग जरा थांबून म्हणाला, "सूनबाई बऱ्या आहेत न?"

माझी सून मुलींच्या सरकारी वसतिगृहात स्वयंपाक करते, कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी तिचा कागद नवा होतो, तो भाऊंच्या शब्दावर. मुलगा अपघातानंतर घरीच बसून आहे. चूल तिच्यावर पेटते. पीएने विचारलं ते साधंच होतं, पण याआधी त्याने सुनेचं कधी विचारलं नव्हतं.

वर्ध्याला एका हॉलमध्ये मुलाखती झाल्या. टेबलामागे आम्ही पाच जण. कचेरीतले एक साहेब सोडले तर सगळे भाऊंचेच. अध्यक्ष रस्त्यांचे ठेकेदार. पहिलाच कलावंत आला तो भाऊंचा ड्रायव्हर, हातात कोऱ्या चिपळ्या घेऊन. त्याने जे गाणं म्हटलं ते आमचं प्रचाराचं गाणं होतं, फक्त भाऊंच्या जागी देवाचं नाव घातलेलं. भोंग्यावर ते मी हजारदा वाजवलं होतं. अध्यक्ष म्हणाले, "वा!" मी नऊ गुण दिले. तेव्हा हात अडला नाही.

दुपारी एक बाई आली. माझ्याच वयाची, पांढरं पातळ, आवाज बसलेला. जन्मभर जलशात गायलेली. तिच्या नावापुढे खूण नव्हती. ती म्हणाली, "माहा ढोलकीवाला वारला, साहेब. तुमीच टाळी धरा. ठेक्याबिगर मले गाता येत नाई."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांनी हळू टाळी धरली, त्यांच्या शेजारच्याने जलद. मला वाटलं, मागे कशाला राहू? मी जोरात धरली. दोन ओळी म्हणून बाई थांबली आणि माझ्याकडे बोट केलं.

"तुमचं चुकून राह्यलं, दादा. जोर लावून ठेका नाई सापडत. तीन टाळ्या वाजवा, चौथी सोडा."

दाराशी नंबर लावून उभे असलेले सगळे हसले. तिने पुन्हा दाखवलं. मला जमलं नाही. शेवटी तिने स्वतःच्या मांडीवर हात मारत गाणं पुरं केलं.

माझ्या अंगाची आग झाली होती. तिला शून्य द्यावं असंच वाटत होतं, आणि यादीलाही तेच हवं होतं. मी पेन उचलला तेवढ्यात अध्यक्ष कानाशी आले. "दोन लिहा. भाऊचं सांगणं आहे."

"मालूम आहे मले."

"मंग लिहा न लवकर. का सूनबाईले घरी बसवता?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी काय लिहायचं ते मला कोण सांगणार? मी दहा लिहिले. न्यायबिय काही मनात नव्हतं, हट्ट होता नुसता. लिहिलेलं पाहिलं आणि सून आठवली. खोडावं म्हणून पेन पुन्हा टेकवणार, तोवर कचेरीतल्या साहेबांनी कागद उचलून फायलीत घातला.

परतीच्या एसटीत फोन वाजला, मला वाटलं भाऊच. कर्ज पाहिजे काय म्हणून विचारणारी कोणी मुलगी होती. भाऊंचा फोन त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. महिन्याने यादी लागली. ड्रायव्हर होता. बाई नव्हती, बाकीच्यांच्या दोन-दोन गुणांपुढे माझ्या दहाचं काय चालणार? समितीच्या पुढच्या बैठकीचा निरोप मला आलाच नाही.

घरी मी यातलं काही सांगितलेलं नाही. सुनेचे अकरा महिने परवा संपतात. काल ताट वाढताना ती म्हणाली, "मामाजी, कागदाचं भाऊले इचारलं काय?"

"इचारतो," मी म्हणालो.

"राहू द्या. मीच जाईन उद्या बंगल्यावर. तुमी संग चाला फक्त. तुमची वट आहे तेथं."

मी हो म्हणालो. आज तिने माझा पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून खुंटीला लावला आहे. त्या बंगल्याच्या फाटकावर मला आजवर कोणी नाव विचारलेलं नाही. उद्या विचारलं, तर सुनेच्या देखत काय सांगू?