तिच्या गोष्टीतला मांडव

यवतमाळच्या होस्टेलमध्ये माझ्या शेजारच्या कॉटवर वणीकडची एक मुलगी राहायची. आम्ही दोघी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. संध्याकाळी सगळ्या मुली ज्या मालिकेपुढे बसायच्या, तिच्यातल्या जोडीची पुढची गोष्ट ती वहीच्या मागच्या पानांवर स्वतः लिहायची. अशा लेखनाला 'फॅन फिक्शन' म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

एका रविवारी तिनं वही माझ्या हातात दिली. "वाच, अन् खरं सांग. उगाच चांगलं चांगलं नको म्हनू."

मला कुणी कधी काही तपासायला दिलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. शेरे कसे लिहितात, ते माझ्या निबंधांवरच्या सरांच्या शेऱ्यांवरून जेवढं कळलं तेवढंच. तिला वाईट वाटू नये, पण उपयोग तर व्हावा, म्हणून मी पेन्सिल घेतली आणि आधी लिहिलं, 'भाषा सोपी आहे.'

गोष्ट दुःखी होती. नायिकेचं लग्न सामूहिक विवाहात लागत असतं. नायक धावत येतो, पण मांडवात सगळ्याच नवऱ्या आयोजकांनी दिलेल्या एकसारख्या पिवळ्या साड्यांत, कपाळाला मुंडावळ्या, माना खाली. त्याला ती सापडत नाही. मंगलाष्टकं संपतात.

मी समासात लिहिलं, 'ही मोठ्या घरची मुलगी आहे. लग्न हॉलमध्ये दाखव.' खाली लिहिलं, 'प्रेम असेल तर तो ओळखेलच. पटत नाही.' आणि शेवटी, 'तीन पानांत नायिका एकदाही बोलत नाही. तिला काय वाटतं?'

दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालता घालता तिनं ते वाचलं.

"हॉल कुठून आनू वं? कापसाच्या भावाचं काय चाल्लं, पाह्यतेस ना. आमच्या गावचे सारे लग्नं आता सामूहिक मांडवातच लागून राह्यले."

"पन वयखू कसा नाही येत मानूस?" मी म्हटलं.

"नाही येत. माह्या बहिनीच्या लग्नात मायनं दुसऱ्याच नवरीवर अक्षता टाकल्या. घरी येऊन रडली मंग."

मला हसू आलं. ती हसली नाही. पिळलेली ओढणी दोरीवर टाकत म्हणाली, "यंदा बाबानं माह्यं नाव देल्लं तिथं."

हातातला चिमटा मी नुसताच दाबत राहिले. आठ महिने आम्ही एका खोलीत झोपत होतो.

"कधी?"

"परीक्षेच्या आधी."

"तुले कोनी इचारलं?"

"तू इचारलं ना. पेन्सिलनं."

मी तर मालिकेतल्या एका बाईबद्दल विचारलं होतं. 

"मंग सांग आता," ती म्हणाली, "काय बोलावं तिनं?"

एवढे शेरे लिहिणाऱ्या मला एक वाक्य धड जमेना. पाण्याच्या टाकीला टेकून आम्ही बसलो. मी लिहायची, ती खोडायची. "असं बाबासमोर कोनी बोलते काय? भाषन हाय हे." शेवटी दोनच वाक्यं उरली. मले यंदा लग्न नाही करायचं. निदान परीक्षा देऊ द्या. ती बाबांना सांगायला शनिवारी ती बसनं गावी गेली.

ती परतली थेट पहिल्या पेपरला. हातभर हिरवा चुडा. तिची पिशवी धरून एक अनोळखी माणूस गेटजवळ उभा होता. 

"पयलं वाक्य निंगालंच नाही तोंडातून," ती म्हणाली. "दुसरं बोलली. बाबा हो म्हनले लगेच."

लगेच. म्हणजे पहिलंही बोलली असती तर, हे माझ्यासारखं तिच्याही मनात आलं असावं. पण घंटा झाली आणि ती तिच्या बाकाकडे गेली. माझ्यापुढे प्रश्नपत्रिका आली. बराच वेळ मला पहिला प्रश्नच कळेना.